चार ठिपक्यांची वही

प्रयोगशाळा परिचराच्या कामांच्या यादीत दुर्बीण नसते. वजनकाटे पुसून ठेवायचे, विजेच्या तारा गुंडाळायच्या, लोलक आणि भिंगं मोजून कपाटात घालायची, फुटलेल्या थर्मामीटरची नोंद करायची, एवढ्यात दिवस जातो. १९९६ साली मी मुरुमला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा सहा इंची आरशाची एक दुर्बीण लाकडी पेटीत पडून होती. प्राध्यापक येत होते, निवृत्त होऊन जात होते. पेटीची किल्ली मात्र माझ्या जुडग्यात राहिली. ज्याच्याकडे किल्ली त्याची दुर्बीण, असं कुणी न ठरवताच ठरून गेलं. मुलं मला मामा म्हणतात. चंद्र सगळ्या जगाचा मामा आणि हे गुरूच्या चंद्रांचे मामा, अशी आमच्या एका सरांची जुनी थट्टा आहे.

मुरुम उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. बाजारात एका वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी ऐकू येते. गाव ओलांडून पाच-दहा मिनिटं चाललं की तुरीच्या आणि उसाच्या रानात अजूनही बऱ्यापैकी काळोख मिळतो. दुर्बीण मी तिथेच नेतो, गच्चीवर मांडत नाही. आमच्याकडची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत गरम हवा वर सोडत राहते. त्या हवेतून पाहिलेला गुरू नुसता थरथरतो, त्याच्यावरचे पट्टे फिसकटून जातात. नांगरलेल्या रानात, जमीन निवल्यावर, तोच गुरू स्थिर उभा राहतो. मोठ्या दुर्बिणीच्या मागे लागण्याआधी लोकांनी जागा बदलून पाहावी, असं माझं मत आहे.

गुरू दाखवायला सोपा, असं सगळे म्हणतात. आकाशात ठळक, चटकन सापडणारा. पण दुर्बिणीला डोळा लावल्यावर बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द येतो तो "एवढंच?" मोबाईलवर त्यांनी गुरूचे रंगीत फोटो पाहिलेले असतात, २०१६ पासून त्याच्याभोवती फिरणाऱ्या जुनो यानानं काढलेले, निळे-तपकिरी भोवरे असलेले. माझ्याकडे मिळतो तो एक फिकट पिवळा गोळा, त्यावर दोन करड्या रेघा आणि आजूबाजूला चार ठिपके. आमच्या साध्या नेत्रिकेतून गुरू अठ्ठेचाळीस पट मोठा होतो. हिशोब केला तर गुरू पृथ्वीजवळ असताना तो डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित मोठाच दिसत असतो. हे सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसत नाही. भोवती झाड नाही, घर नाही, क्षितिज नाही. अशा काळोखात मोठेपणा मोजायला डोळ्याला काही सापडत नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, शाळांची रांग लागते. मागचा पुढच्याला ढकलत असतो, नेत्रिकेवर पापण्यांचं काजळ लागलेलं असतं, आणि पृथ्वी फिरतेय म्हणून गुरू सारखा चौकटीबाहेर पळत असतो. दर दोन-तीन पोरांमागे मला तो ओढून परत मध्यावर आणावा लागतो. क्षणभर दर्शन घ्यायचं आणि पुढे सरकायचं, ही सवय आम्हा धाराशिवकरांना तुळजापूरनं लावलेलीच आहे. देवीला ते चालत असेल, गुरूला चालत नाही. एका नजरेत त्याच्यापाशी दाखवण्यासारखं फारसं नसतं; जे काही आहे ते काल आणि आजच्या मधल्या फरकात असतं.

म्हणून वही आली. वेगळं काही नाही, शंभर पानी आखीव वही. प्रत्येक पानावर मध्ये एक गोल, शेजारी तारीख आणि वेळ, आणि त्या रात्री दिसले तिथे ठिपके. अंतर गुरूच्या रुंदीच्या पटीत, अंदाजानं. चंद्रांची नावं पहिले काही दिवस मी सांगतच नाही. नाव कळलं की मुलं बघायचं थांबवतात आणि पाठ करायला लागतात. दुसऱ्या रात्री भांडण होतं. कालचं चित्र ज्यानं काढलं त्याला बाकीचे चुकीचं काढलं म्हणून बोलतात, कारण डावीकडचा ठिपका आज उजवीकडे असतो. तिसऱ्या रात्री एखादा ठिपका हरवतो. तेव्हा मी गॅलिलिओचं सांगतो. ७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूजवळ तीन तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. तिसऱ्या रात्री ढग. दहा तारखेला दोनच, आणि तेही पूर्वेला. चौथा त्याला सापडला तेरा तारखेला. इटलीतसुद्धा ढग येतात आणि गॅलिलिओलाही एक रात्र हात चोळत बसावं लागलं, याचा मुलांना फार आनंद होतो.

या वहीतला सगळ्यात मोठा शोध बारावीतल्या एका मुलीचा. तिच्या घरचे आठवडी बाजारात भाजी विकायचे, त्यामुळे बाजाराच्या दिवशी ती उशिरा यायची आणि तिचं चित्र बाकीच्यांनंतर काढलं जायचं. तिनं आपली बाजारच्या दिवसांची पानं शेजारी ठेवली आणि मला म्हणाली, "मामा, हे तीन ठिपके दर बाजाराला पुन्हा जवळपास तिथंच येतेत. एकटाच बेशिस्त आहे, त्याचं काय ते वेगळंच." मी पानं पाहिली. खरंच तसं होतं. मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण चित्रातून असं कधी पाहिलं नव्हतं.

कारण असं आहे. सगळ्यात आतला आयो गुरूभोवती एक फेरी साधारण साडेबेचाळीस तासांत घालतो. त्यानंतरचा युरोपा त्याच्या दुप्पट वेळ घेतो, आणि तिसरा गॅनिमिड युरोपाच्याही दुप्पट. म्हणजे गॅनिमिडची एक फेरी होईपर्यंत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात, आणि या सगळ्याला लागतात सात दिवस आणि वर दोन ते चार तास. योगायोगानं आपला आठवडाही सात दिवसांचा. त्यामुळे दर आठवड्याला त्याच वाराला, त्याच वेळी पाहिलं तर तिघांची मांडणी जवळपास परत येते. वरचे तास साचत जातात आणि चार-पाच आठवड्यांत हे जमणं ढळतं, तेही तिच्या पानांत दिसत होतं. चौथा कॅलिस्टो या टोळीत नाही. त्याला फेरीला जवळजवळ सतरा दिवस लागतात आणि त्याचा हिशोब बाकीच्यांशी जुळत नाही. तिनं त्याला बेशिस्त म्हटलं ते गणितानं बरोबर होतं.

पहिल्या तिघांचं नातं लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं उलगडलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. गुरूवर उभं राहता आलं असतं, तर हे तिन्ही चंद्र एकाच दिशेला, एकामागे एक, कधीच दिसले नसते. युरोपा आणि गॅनिमिड एका रेषेत आले की आयो नेमका विरुद्ध बाजूला असतो. (आपल्याला पृथ्वीवरून ते बाजूनं दिसतात, त्यामुळे वहीत तिन्ही ठिपके एका अंगाला असलेली पानं भरपूर आहेत, त्यावरून मुलांनी माझ्याशी वाद घातलेला आहे.)

इथे मला व्यंकटेश बापूजी केतकरांचं नाव घ्यावं लागतं. नरगुंदला जन्मलेले, पेशानं शिक्षक, शेवट विजापूरला. म्हणजे आमच्या या मराठी-कन्नड पट्ट्यातलेच. पंचांगवाल्यांना ते 'ज्योतिर्गणित' या ग्रंथामुळे माहीत असतात. १९११ साली त्यांनी फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत एक लेख दिला. गुरूच्या तीन चंद्रांत लाप्लासला जे नातं सापडलं, तसंच नातं सूर्याभोवतीच्या बाहेरच्या ग्रहांतही असावं, असं धरून त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असतील असं मांडलं. नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी काढलं पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि एका फेरीचा काळ २४२.२८ वर्षं. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत क्लाइड टॉमबॉला प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षं. १९३० हेच केतकरांच्या निधनाचं वर्ष.

आमच्याकडच्या भाषणांत यावरून "प्लूटोचा खरा शोध मराठी माणसानं लावला" असं ठोकून दिलं जातं. ते मला पटत नाही. तो ग्रह आकाशात कुठे शोधायचा हे केतकरांनी सांगितलं नव्हतं, आकडे कसे काढले तेही नीट स्पष्ट होत नाही, आणि विष्णू आजवर सापडलेला नाही. टॉमबॉनं रात्री-रात्री घेतलेल्या फोटोंच्या काचा एकमेकींशेजारी ठेवून सरकलेला ठिपका शोधला, काम त्याचं. पण सगळं जग दूरच्या ग्रहांच्या ओढीचे हिशोब करत असताना, हाताशी मोठी दुर्बीण नसलेल्या एका शिक्षकाला गुरूचे चंद्र आठवावेत आणि त्यांचा नियम उचलून सूर्यमालेच्या काठावर लावून पाहावा असं वाटावं, ही हिंमत मला प्लूटोपेक्षा मोठी वाटते. बाजाराच्या पानांची ती मुलगी आणि केतकर यांचा प्रश्न एकच होता: हे पुन्हा पुन्हा असंच का जुळतं?

या जुळण्याची किंमत आयो मोजतो. गुरू त्याला एका बाजूनं ओढतो आणि ठरलेल्या वेळी युरोपा-गॅनिमिड त्याची कक्षा थोडी लांबट ठेवतात, त्यामुळे तो कधी गुरूच्या जवळ, कधी लांब. या ताणात त्याची जमीन शंभरएक मीटर वरखाली होते आणि आतला दगड वितळतो. १९७९ च्या मार्चच्या सुरुवातीला तीन शास्त्रज्ञांनी हे कागदावर मांडलं, आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ च्या एका फोटोत लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर उसळलेला धुरळा दिसला. पृथ्वीबाहेर चालू ज्वालामुखी पहिल्यांदा दिसला तो असा. एकटा पडलेला कॅलिस्टो मात्र थंड आहे, जुन्या विवरांनी भरलेला.

आमच्या भागात हे सांगताना जपून बोलावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा तालुक्यातली गावं गेली. जमीन हलते म्हटल्यावर चाळिशी ओलांडलेली माणसं गप्प होतात. एका रात्री अशाच एका बाईंनी विचारलं, "मग तिथं रोजच धरणीकंप?" मी म्हटलं, तिथं रोजच. त्यावर, मग आपल्याला कोण ओढतंय, हा पुढचा प्रश्न होता. आपला भूकंप जमिनीच्या पोटातल्या जुन्या ताणाचा, त्यात गुरूचा किंवा शनीचा हात नाही, हे मी दोनदा सांगितलं. भूकंपानंतर आमच्या आळीत ग्रहांच्या नावानं काय काय बोललं गेलं ते मला आठवतं, म्हणून दोनदा. पायाखालचा काळा दगड मात्र मी त्यांना दाखवला. तोही लाव्हाच, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला. आयोवर आज जे चालू आहे ते आपल्याकडे होऊन गेलं. विहीर खणणाऱ्याला ते थर माझ्यापेक्षा चांगले माहीत असतात.

ग्रहांचा विषय निघाला की पंचांग येतंच. सोलापूर जवळ, त्यामुळे दाते पंचांग घराघरात. ते अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकणारे माझे काही सहकारी आहेत. मी त्यांच्यात नाही, कारण गुरू आज कुठे आहे हे त्यात बरोबर दिलेलं असतं आणि मला तेवढंच हवं असतं. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, कारण त्याची फेरी ११.८६ वर्षांची. शनीची साडेएकोणतीस वर्षांची, म्हणून एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींची मिळून साडेसाती. लोक घाबरतात त्या शब्दाच्या पोटात साधा भागाकार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, गुरू सूर्याच्या मागे गेला आणि पंचांगात गुरूचा अस्त लागला. शेजारच्या आळीतले एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी मुहूर्त शोधत होते. मला येऊन म्हणाले, "मामा, तुमच्या दुर्बिणीतून जरा बघा की, दिसत असला तर आम्ही भटजींना सांगतो." सूर्याच्या इतक्या जवळ दुर्बीण रोखली तर माझा डोळा जाईल, असं सांगून मी सुटका करून घेतली. ते नाराज झाले. पण अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या उजेडात बुडणं, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

वहीशिवाय गुरू पाहणारी माणसं मला भेटली ती रानातच. शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री; रात्रीची पाळी आली की ऊस किंवा हरभरा भिजवायला जागावंच लागतं. २०१२ च्या हिवाळ्यात गुरू रोहिणीजवळ होता. आम्ही दुर्बीण मांडली होती त्याच्या पलीकडच्या पट्टीत एक शेतकरी दारं धरत होता. त्याला मी बोलावलं, त्यानं पाहिलं, आणि "एवढंच?" म्हणाला नाही. म्हणाला, "ही मोठी चांदणी डोक्यावरून कलली की निम्मं रान भिजलेलं असतंय. पंधरवड्यात तासभर आधी कलतीया, ते धरून चालायचं." घड्याळ न पाहता त्यानं आकाशाची रोजची चार मिनिटं पकडली होती.

त्याला मी रोमरची गोष्ट सांगितली. आयो गुरूच्या सावलीत शिरण्याच्या वेळांचं युरोपात घड्याळ करायचे. १६७६ साली ओले रोमर या डॅनिश माणसाच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की हे घड्याळ मागे पडतं. आयो वेळेवरच असतो. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. उजेडालाही चालावं लागतं, हे माणसाला पहिल्यांदा असं कळलं. शेतकऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पाणी टोकाच्या सरीला उशिरा जातंय, तसं?" मी हो म्हटलं. मग दारं फोडायची वेळ झाली म्हणून तो निघून गेला.

याच्या उलट २१ डिसेंबर २०२०. गुरू आणि शनी पौर्णिमेच्या चंद्राच्या पाचव्या हिश्शाइतके जवळ आले होते. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. कोरोनामुळे महाविद्यालय बंद. नेत्रिकेला एकामागून एक डोळे लावायची सोय नाही, म्हणून नेत्रिकेवर मोबाईल धरून पडद्यावर दाखवलं. एका चौकटीत शनीची कडी आणि गुरूचे चंद्र, असा योग पुन्हा माझ्या नशिबी नाही. माणसं बऱ्यापैकी आली, फोटो घेतले, तासाभरात दोन्ही ग्रह पश्चिमेला टेकले. बावीस तारखेला कुणी नव्हतं. एक डिसेंबरला त्यांच्यात दोन अंशांचं अंतर होतं आणि रोज साधारण अंशाच्या दहाव्या हिश्शानं ते मिटत होतं. ज्या तीन-चार मुलांनी घरून ते पाहिलं, त्यांनाच एकवीस तारखेचा अर्थ लागला. बाकीच्यांनी फक्त तारीख पाहिली.

माझी नोकरी आता संपत आली आहे. लागलो तेव्हा शनी मीनेत होता आणि कडी कडेनं पाहिल्यासारखी बारीक रेघ झाली होती. २०२५ मध्ये तो पुन्हा मीनेत आला आणि रेघही तशीच परत आली. गुरूनं तेवढ्यात रोहिणीपाशी तीन हेलपाटे घातले: २०००, २०१२ आणि २०२४. त्याच्या दुर्बिणीजोग्या रात्री दरवर्षी महिनाभर पुढे सरकतात, म्हणून आम्हाला सलग काही वर्षं चांगली जातात आणि सलग काही पावसात. २०१९ ते २०२१ गुरूचा भर जून ते ऑगस्टमध्ये होता आणि वहीत त्या महिन्यांची पानं कोरी आहेत.

नव्या परिचराला मी या रात्रींचं कोष्टक करून दिलं आहे. युरोपा क्लिपर हे यान २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निघालं, ते एप्रिल २०३० ला गुरूपाशी पोचायचं आहे. युरोपाच्या बर्फाखालच्या समुद्राचा ते अंदाज घेणार. युरोपीय यान जूस त्यानंतर वर्षभरानं, जुलै २०३१ ला. क्लिपर पोचेल तेव्हा गुरू आमच्याकडे रात्रभर दिसत असेल, आकाश कोरडं असेल. आपल्या वहीतल्या ठिपक्यांपैकी एकाच्या अंगावरून यान जाणार आहे, हे सांगायला याहून चांगले दिवस मिळायचे नाहीत. अडचण एकच. एप्रिल-मेमध्ये परीक्षा असतात आणि त्या संपल्या की मुलं गावाला जातात. म्हणून मी त्याला रानातल्या दोन शेतकऱ्यांचे नंबर दिले आहेत. उन्हाळ्यात उसाला पाणी द्यावंच लागतं, ते जागे असतील. वही त्यांच्याकडे ठेवायची, पेन्सिल बांधून.